घोळाणा आधी कुणी खाल्ला

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या माघातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी एक वाजून सदतीस मिनिटांनी, आमच्याच घरात. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं होतं. तीन वाजता मला एका सभेत बोलायचं होतं. विषय होता बायकांचं आरोग्य.

अन्याय करणारे चौघं. माझे वडील, माझा धाकटा भाऊ, हातकणंगल्याहून जेवायला आलेले काका आणि मी. पत्रकं लिहून लिहून हाताला सवय लागली आहे, त्यामुळं आरोपींची नावं मी नेहमी वरून सुरू करते आणि स्वतःचं कुठंच लिहीत नाही. या वेळी लिहिलं आहे, फक्त शेवटी. वाचताना यादी खालून वाचावी.

झालं होतं असं की दिवाळीचा फराळ संपल्यावर आईची साखर तपासली आणि ती फराळापेक्षा जास्त निघाली. डॉक्टरबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, जेवायला बसलात की आधी एक मोठी वाटी हिरवा कच्चा पाला. मेथी, पात, काकडी, काय मिळंल ते. नीट चावून. तो पोटात गेला की मग भाकरी. उलटं करायचं न्हाय. आणि एवढं करून साखर उतरली न्हाय तर मग सुई."

आई सुईला भिते. एरवी ती कशालाच भीत नाही. अंगणात धामण निघाली तेव्हा तिनं सूप घेऊन तिला वाट दाखवली होती. पण लस टोचायच्या दिवशी तिनं माझं मनगट असं धरलं की चार नखं आठवडाभर दिसत होती. आणि ही सुई एकदाची नव्हे, रोजची.

डॉक्टरबाई भोळ्या. त्यांना वाटलं आपण पथ्य सांगितलं. आमच्या घरातल्या बाईनं जेवायला *आधी* बसायचं, ही मागणी किती जहाल आहे याची त्यांना कल्पना नसावी. मी आजवर जेवढी पत्रकं छापली, त्यातल्या एकातही इतकं पुढचं काही मागितलेलं नाही.

आमच्याकडं जेवणाची पद्धत अशी. भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडली पाहिजे. टोपल्यातली भाकरी म्हणजे अपमान. एकीचा पदर सुटतोय तोवर दुसरी थापायची, तिसरीचं पीठ मळायचं. हे करणारा माणूस जेवायला बसू शकत नाही, हे उघड आहे. आणि हे करणारा माणूस कोण, हे कधी कुणी ठरवलंच नाही, त्यामुळं त्यात कुणाची चूकही नाही. किती सोयीचं आहे बघा.

वडील निवृत्त शाळामास्तर. सुधारणावादी. लेकीला लेकासारखं वाढवलं, हे ते दारात आलेल्या कुरियरवाल्यालासुद्धा सांगतात. "आमची पोरगी म्हणजे पोरगाच हाय!" म्हणून मला लहानपणापासून पहिल्या पंगतीत जागा. भावाच्या शेजारी, तव्याच्या दिशेला पाठ करून. मी ही बढती घेतली, पचवली आणि समानता या विषयावर लिहायला लागले. बाहेरगावच्या मैत्रिणींना आमच्या कोल्हापूरचं भारी कौतुक, की इथं बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात, किती पुढारलेलं शहर! व्हय की. आईही म्हणते, "तुम्ही बसा, मी जेवतो मागनं."

पाल्याची बातमी घरात फुटली तेव्हा वडील म्हणाले, "पाला? आता दावणीला बांधायचं काय तिला?"

भाऊ जिमला जातो. तो म्हणाला, "पप्पा, त्याला सॅलड म्हणतात."

"म्हशीलाबी तेच घालतात. तिला कुणी सांगितलं न्हाय सॅलड म्हणून, एवढाच फरक."

आई म्हणाली, "नुसता पाला माझ्यानं न्हाय जायचा. घोळाणा करतो. माझ्या माहेरी करायचे."

तिचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याला. तिथं शेतात जेवायला बसलं की बांधावरची कोवळी मेथी नाहीतर करडईचा पाला उपटायचा, त्यात मीठ, चटणी, तेल घालून हातानं घोळायचा आणि भाकरीबरोबर खायचा. म्हणून घोळाणा. लग्न होऊन शहरात आल्यावर तिनं तो एकदाही केला नव्हता. मी विचारलं का, तर म्हणाली, "इथं कोण खाणार कच्चं? तुमच्या आज्जीनं बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, सूनबाईला चूल पेटवायचा कंटाळा."

तर तिनं केला. मी बघत उभी होते, कारण त्या दिवशी सभा नव्हती.

मेथीची कोवळी पानं खुडली, देठ बाजूला. कांद्याची पात बारीक, पण पार बारीक नाही. काकडी सोलली नाही. मूठभर कोथिंबीर. सगळं धुऊन जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरलं आणि टिपून टिपून कोरडं केलं. "पानावर पाणी राहिलं की तेल धरत न्हाय," ती म्हणाली. मग एका वाटीत घरची कांदा-लसणाची चटणी घेतली. आमच्याकडं चटणी म्हटलं की तीच, लाल, वर्षाची एकदम करून बरणीत दाबलेली. त्यावर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस, आणि ते बोटानं रगडून तसंच ठेवलं. चटणी लिंबात जरा फुगली, तिचा कडकपणा गेला. मग घाण्याचं शेंगतेल, थेंब थेंब, बोट फिरवत. दोन मिनिटांत ते असं दाट आणि चकचकीत झालं की मला वाटलं आता भाकरीला लावून खावं. गूळ घालायला तिचा हात डब्याकडं गेला आणि परत आला.

"आता हे पानांवर कधी घालायचं?" मी विचारलं.

"तोंडात घालायच्या आधी. मीठ लागलं की पानाला पाणी सुटतं. घोळाणा थांबत न्हाय कुणासाठी."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. रस्सा थांबतो. आमटी थांबते, पुन्हा गरम होते, उलट मुरते. आमच्या घरातले सगळे पदार्थ थांबणारे आहेत. म्हणून तर बाई सगळ्यांच्या शेवटी जेवली तरी तिच्या ताटात काही वाईट दिसत नाही आणि आपल्याला काही टोचत नाही. घोळाणा हा आमच्या स्वयंपाकघरात आलेला पहिला पदार्थ, जो आईसाठी थांबायला तयार नव्हता.

पहिल्या दिवशी तिनं तो कालवला आणि टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे फक्त ठेवला. तवा तापला होता, म्हणून ती भाकरीकडं वळली. वडिलांनी, केवळ शास्त्रीय जिज्ञासेपोटी, दोन पानं उचलली.

"आयला," ते म्हणाले. "ह्यात मजा हाय की!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून पाला माणसाचं अन्न झाला. भाऊ प्रोटीनबरोबर फायबर म्हणून खाऊ लागला. वडील भाकरीच्या तुकड्यात पानं धरून, वर चटणीचं तेल निथळवून, डोळे मिटून. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर आमटीची तर्री ओतली आणि म्हणाले, आता पूर्ण झालं. मीही खात होते. कुरकुरीत लागायचा. औषध आईचं, आणि गुण यायचा तो आम्हा तिघांना.

आई बसायची तेव्हा भांड्याच्या तळाला लाल पाणी असायचं आणि त्यात चार पानं, पोहायला न येणाऱ्यासारखी. ती भांडं तोंडाला लावून ते पाणी प्यायची. मी एकदा म्हटलं, "दुसरा कालव की तुझ्यासाठी."

"कशाला? मला असाच आवडतोय. मुरलेला."

आणि मी विश्वास ठेवला. मला तो ठेवायचाच होता. त्याच टेबलावर, ताट सरकवून, मी त्या आठवड्यात एक पत्रक लिहीत होते. त्याचा मथळा होता, "आरोग्य ही भीक नव्हे, हक्क आहे!" कागदावर लाल तेलाचा एक डाग पडला, म्हणून पहिलं पान पुन्हा लिहावं लागलं. त्या वेळी मला तो त्रास फार मोठा वाटला होता.

पण आई काही अगदीच गप्प बसणारी नव्हती. तिनं तिच्या पद्धतीनं वाट काढली. माघातल्या त्या रविवारी काका येणार होते. ते वडिलांचे धाकटे भाऊ, शेती आणि चार म्हशी सांभाळून असतात, आणि येताना अख्खं रान पिशवीत घालून आणतात. मटण होतं, तांबडा होता, पांढरा होता. घोळाणा मोठ्या परातीत कालवलेला. आणि फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागं, एक झाकलेली वाटी. त्यात नुसती कोरडी पानं. शेजारी कपात कालवलेली चटणी, वेगळी. सकाळी ती मला हळूच म्हणाली होती, "ती माझी हाय हं. भाकऱ्या निम्म्या झाल्या की उभ्यानंच खातो."

म्हणजे त्या वाटीचा पत्ता घरात दोघींनाच ठाऊक होता.

पंगत बसली. काकांनी पहिल्यांदाच घोळाणा खाल्ला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, चटणीनं आणि प्रेमानंही. "वहिनी, म्हशीला एवढं घालतोय आयुष्यभर, एकदाबी तोंडात टाकून बघितलं न्हवतं! काय येडं होतो मी!" वडील हसले. भाऊ हसला. परात बघता बघता साफ झाली.

मग काका म्हणाले, "संपलं काय वहिनी ते पाल्याचं?"

आईच्या हातात भाकरी होती, अर्धी थापलेली. तिनं मान वर केली. पाहुणा मागतो आहे आणि नाही म्हणायचं, हे तिला जमणाऱ्यातलं नाही. पण ती लगेच बोललीही नाही. तिला फक्त "संपलं" म्हणायचं होतं. मला वाटतं ती म्हणालीही असती.

मी म्हणाले, "हाय की काका! थांबा."

आणि उठले. फ्रिज उघडला, दह्याचं पातेलं सरकवलं, वाटी काढली, कप काढला, पानांवर चटणी ओतली, हातानं घोळली, जशी तिनं शिकवली होती तशी, आणि काकांच्या ताटात वाढली. वाढताना घड्याळ बघितलं, कारण सभेला उशीर होत होता. एक सदतीस.

काका म्हणाले, "लेकीचा हातबी आईसारखाच हाय."

आईनं भाकरी तव्यावर टाकली.

मी सभेला गेले. चांगलं बोलले, टाळ्या पडल्या. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण पडल्या.

तपासणीचा दिवस आला. साखर जिथं होती तिथंच. उलट जरा चढलीच. डॉक्टरबाईंनी कागद बघितला, चष्मा काढला.

"पाला खाता की न्हाय?"

"व्हय," आई म्हणाली. "रोज."

"भाकरीच्या आधी?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तक्रार नव्हती तिच्या नजरेत. ती मला विचारत होती, की आता काय सांगू, कारण खरं सांगितलं तर तुमच्या सगळ्यांचं नाव निघतंय. आजारी ती, आणि अब्रू आमची सांभाळायची.

मी म्हटलं, "न्हाय. आम्ही खातो आधी. तिला पाणी उरतंय."

डॉक्टरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही त्या सभेत बोलता त्याच न्हवं?" आणि कागदावर लिहिलं, आणखी एक महिना. नंतर सुई. हा एवढा छोटा, नेमका टोमणा मला कुठल्याच पत्रकात साधलेला नाही.

रिक्षात मी आईला म्हटलं, "आजपासून तू आधी जेवायचं."

"आणि तुम्ही?"

"आम्ही मागनं."

"तुम्ही बघत बसणार आणि मी खाणार? गळ्याखाली उतरंल काय माझ्या? आणि लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? घरात आपण चौघंच हाय की."

"तेच तर म्हणतो मी," आई म्हणाली. "तुम्हीच."

घरी येऊन मी जे येतं तेच केलं. पत्रक लिहिलं. फ्रिजवर चिकटवलं. मोठ्या अक्षरांत, तीन उद्गारचिन्हांसह. वडिलांनी ते उभं राहून पूर्ण वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, खाली "मुद्दा चांगला आहे" असा शेरा मारला आणि जेवायला बसले. पहिली भाकरी त्यांच्याच ताटात पडली.

दुसऱ्या दिवशी भावानं तोडगा काढला, सगळ्यांनी एकदम बसायचं. भाकऱ्या आधी करून टोपल्यात. वडिलांनी त्याग करायला संमती दिली आणि चेहरा असा केला, जणू आम्ही त्यांना तुरुंगात पाठवतो आहोत. आई बसली. घोळाण्याला हात लावला, आणि वडिलांनी भाकरी मोडल्याचा आवाज झाला. गार भाकरीचा आवाज वेगळा होतो. आई ताडकन उठली, "थांबा, गरम करून देतो." परत आली तेव्हा पानांना पाणी सुटलं होतं.

तेव्हा मला कळलं की मन वळवायचं कुणाचं असेल ते असो, आधी गॅसचा कॉक बंद केला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मी तवा चढूच दिला नाही. पीठ मळलेलं झाकून ठेवलं, शेगडी बंद केली आणि तिच्यापुढं पाठ लावून उभी राहिले. आम्ही संघटनेच्या बायका कारखान्याच्या गेटसमोर अशाच उभ्या राहतो, ती सवय कामाला आली. आईला खुर्चीत बसवलं. तिच्यासमोर कोरडी पानं आणि सोललेली काकडी ठेवली, कपातली चटणी ओतली आणि तिच्या डोळ्यांदेखत घोळली.

बाहेरच्या खोलीतून वडील ओरडले, "काय चाललंय? वाजले किती!"

मी म्हटलं, "वाटी रिकामी झाली की तवा चढंल."

"हा काय संप हाय व्हय?"

"व्हय."

"मागण्या काय?"

"एकच. दहा मिनिटं."

ते दारात येऊन उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी शिक्षकांच्या संपात घोषणा दिल्या आहेत. संप ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. भाऊ त्यांच्यामागं. आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा शेगडीकडं, एकदा वाटीकडं. मला वाटलं, उठणार. तिचे पाय खुर्चीखाली हललेही.

मग तिनं चिमूट उचलली. मेथीचं कोवळं पान दाताखाली मोडल्याचा आवाज आला. मी तो इतके दिवस माझ्याच तोंडात ऐकत होते, समोरच्याच्या तोंडातला पहिल्यांदाच ऐकला. ती चावत राहिली, हळूहळू, सांगितल्यासारखं नीट. मग म्हणाली, "चटणी जरा जास्त झालीय तुझी."

"उद्या कमी घालतो," मी म्हटलं.

"आणि काकडीची साल काढत जाऊ नको." मग दारातल्या दोघांकडं बघून, "बसा की, उभं कशाला राहिलाय? घ्या थोडं."

वडिलांचा हात पुढं आला होता. तो त्यांनी मागं घेतला. चाळीस वर्षांच्या सुधारणावादातली ही मी डोळ्यांनी बघितलेली पहिली सुधारणा.

महिना अजून पुरा व्हायचा आहे. साखर उतरेल की नाही, मला माहीत नाही. उशीर आम्ही आधीच बराच करून ठेवला आहे आणि शरीर काही पत्रक वाचून सुधारत नाही. आई अजून रोज दोन घास खाऊन शेगडीकडं बघते. मी अजून रोज शेगडीला पाठ लावून उभी राहते. परवा मला सभा होती, तर भाऊ उभा राहिला.

आता तुम्ही. हे वाचून मान डोलावू नका, मला टाळ्यांचा अनुभव आहे. आज तुमच्या घरी शेवटी कोण जेवलं आणि भांड्यात काय उरलं होतं, ते उठून बघा. तिला साखर असो नसो. उद्या तवा तापायच्या आधी तिला खुर्चीत बसवा, पानं तुम्ही धुवा, टिपा, आणि चटणी तिच्यासमोर घाला. ती वाटी संपेपर्यंत शेगडी पेटवू नका. आणि ती "घ्या थोडं" म्हणेल. म्हणणारच. हात मागं ठेवा.